तिसरी कॉइल

स्पीकरचे कोन (आवाज काढणारा हलता पडदा) आणि कॉइल (त्याला हलवणारी तारेची गुंडाळी) बदलण्याचे काम मी पुण्यात गेली २२ वर्षे करतो आहे. माझ्याकडे येणारा बहुतेक माल मंडप-साउंडवाल्यांचा असतो, आणि गणपतीच्या आगेमागे महिनाभर तर अठरा इंचांच्या स्पीकरखेरीज टेबलावर दुसरे काही दिसत नाही. अशा दुकानात रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवणारी एक मुलगी आपला पंधरा इंचांचा स्पीकर घेऊन सात महिन्यांत तिसऱ्यांदा आली, तेव्हा मला तिची काळजी वाटली. पहिल्या वेळी मी कॉइल बदलून दिली होती. दुसऱ्या वेळी कोणाच्या तरी सल्ल्यावरून तिने त्याच खोक्यात दुप्पट वॅटचा नवा स्पीकर घेतला आणि बसवून देण्यापुरती माझ्याकडे आली. आता तोही गेला होता.

"काका, ह्या वेळी हजार वॅटचाच टाकूया का?" तिने विचारले. पैसे जमवून आणल्याचे तिच्या आवाजातच कळत होते.

"थांब, आधी हा उघडून बघू दे," मी म्हणालो.

ब्लेडने कडेची घडी कापून मी कोन वर उचलला. जादा वॅट दिल्यामुळे जळलेली कॉइल एकदा पाहिली की विसरत नाही: तांबे काळपट पडते, वार्निशला फोड येतात आणि त्या वासाने सगळे दुकान भरते. ही कॉइल मात्र जवळजवळ स्वच्छ होती. तिच्या नळीचा मागचा काठ तेवढा आत दुमडला होता, कागदी पेल्याचा काठ दातांनी चावावा तसा, आणि नेमकी तिथेच तार तुटली होती. चुंबकाच्या मागच्या पत्र्यावर घासून चकाकलेली एक बारीक गोल रेघ होती. कोन आपली मर्यादा ओलांडून मागे जात होता आणि कॉइल पत्र्यावर आपटत होती. स्पीकरवर छापलेला वॅटचा आकडा तो किती उष्णता सोसेल एवढेच सांगतो; कोन किती मिलिमीटर पुढेमागे जाऊ शकेल हा हिशेब वेगळा आहे, आणि तो पाटीवर मोठ्या अक्षरात कोणी छापत नाही. हजार वॅटचा स्पीकरही ह्याच खोक्यात ह्याच वाटेने गेला असता, म्हणून मी दुरुस्तीचे पैसे घेण्याआधी तिचा सराव बघायचे ठरवले.

रविवारी सकाळी मी कोथरूडमधल्या त्यांच्या तळघरातल्या खोलीत गेलो. तात्पुरता म्हणून तसाच एक स्पीकर माझ्या साठ्यातून नेऊन तिच्या खोक्यात बसवला. ड्रम्स, दोन गिटारवाले, दोघांकडेही चार-चार बारा-इंची स्पीकरचे बंद कॅबिनेट, म्हणजे छिद्र नसलेले खोके, आणि ह्या सगळ्यांसमोर तिचा हा एकटा खोका जमिनीवर. तिचा अ‍ॅम्प ४ ओमला ५०० वॅट देणारा होता; ओम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध. खोका ८ ओमचा असल्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त वॅट मिळत होते. आपण ऐकू येत नाही म्हणून तिने बासचे, म्हणजे खालच्या सुरांचे, बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून ठेवले होते. तिची बास गिटार पाच तारांची होती. तिची सर्वांत खालची तार, म्हणजे मंद्र 'बी', सुमारे ३१ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३१ कंपनांना, वाजते.

मी फोनमधल्या अ‍ॅपवरून एकच स्थिर सूर अ‍ॅम्पला दिला आणि आवाज बेताचा ठेवून १०० हर्ट्झपासून हळूहळू खाली उतरत गेलो. पुढे छिद्र असलेल्या खोक्याची ही साधी परीक्षा आहे. ५० हर्ट्झच्या आसपास कोन जवळजवळ स्थिर झाला आणि छिद्रातून हवेचा झोत येऊ लागला. हाच त्या खोक्याचा बांधलेला सूर. तिथपर्यंत खोक्यातली हवा कोनाला आवरून धरते. त्याखाली उतरले की ती आवरायचे सोडून देते. ३५ हर्ट्झला कोन एवढा जोरात हलू लागला की कडेची घडी ताणलेली दिसत होती, आणि कानाला मात्र फडफडीपलीकडे काहीच ऐकू येत नव्हते. मी लगेच आवाज बंद केला. तिने हे सगळे जमिनीवर बसून, खोक्यापासून हातभर अंतरावरून पाहिले.

"म्हणजे मी ऐकू यावे म्हणून बास वाढवत होते, आणि तो वाढवलेला बास ऐकूच येत नव्हता?"

तसेच होते. पाच तारांच्या बासवर मंद्र 'बी' वाजली तरी कानाला तिची ओळख पटते ती मुख्यतः ६२ आणि ९३ हर्ट्झच्या वरच्या स्वरांवरून. मूळ ३१ हर्ट्झ अगदी कमी असला तरी मेंदू तो भरून काढतो. म्हणूनच ३५ ते ४० हर्ट्झच्या खालचे कापून टाकणारा फिल्टर लावला तर ऐकणाऱ्याचे फारसे काही जात नाही आणि स्पीकरचा जीव वाचतो.

पण फिल्टरने फक्त स्पीकर वाचला असता. बँडमध्ये ऐकू येण्याचा तिचा प्रश्न तसाच राहिला असता. त्यासाठी मी टेम्पोतून तीन प्रकारचे कॅबिनेट नेले होते: चार दहा-इंची स्पीकरचे एक बंद कॅबिनेट, दोन बारा-इंची स्पीकरचे एक हलके कॅबिनेट, आणि भाड्याने साउंड देणाऱ्या एका स्नेह्याकडून आणलेले आठ दहा-इंचीचे उभे धूड. त्या धुडाला जगभर 'फ्रिज' म्हणतात, आणि ते नाव त्याला शोभते. अँपेग ह्या अमेरिकी कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आणला, त्याच्याबरोबर हे बंद, आठ स्पीकरचे कॅबिनेट रॉकच्या मोठ्या मंचांवर पोचले. आठ लहान कोन मिळून हवा भरपूर ढकलतात, प्रत्येकाला थोडेच हलावे लागते, आणि वरचे स्पीकर थेट वाजवणाऱ्याच्या छातीच्या उंचीला येतात.

सुरुवातीला ती एकटीच वाजवत होती, आणि एकटीने वाजवताना सर्वांना तिचा जुना पंधरा इंचीच आवडला. तो गोल आणि भरदार वाटला. चार दहा-इंची बंद कॅबिनेट त्याच्यासमोर कोरडे, थोडे नाकात बोलल्यासारखे वाटले, आणि एका गिटारवाल्याने ते स्पष्ट बोलूनही दाखवले. त्यानंतर सगळ्यांनी मिळून एकच गाणे प्रत्येक कॅबिनेटवर वाजवले. ड्रम्स सुरू होताच पंधरा इंचीचा तो गोल सूर किक ड्रमच्या ठोक्यात आणि गिटारांच्या जाड तळात मिसळून नाहीसा झाला. तिची बोटे हलताना दिसत होती, सूर कुठे आहे ते कळत नव्हते. कोरडे वाटलेले बंद कॅबिनेट मात्र प्रत्येक स्वर वेगळा दाखवत होते, कारण २०० ते ८०० हर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात त्याचा आवाज ठाम होता, आणि गोंगाटात बासचे अक्षर तिथेच वाचता येते. कॅबिनेट घ्यायला दुकानात एकट्याने वाजवून निवड करणाऱ्या मुलांविषयी मला नेहमी हीच भीती वाटते.

फ्रिजवर ती वाजवू लागली तेव्हा खोलीतले सगळे एकमेकांकडे बघून हसले. तो आवाज मला आजही आठवतो. पण त्याचे वजन ६० किलोंच्या वर, आणि ती लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. तिने स्वतःच नको म्हटले, आणि मला ते पटले. जे कॅबिनेट कार्यक्रमाला नेता येत नाही त्याचा आवाज कितीही सुंदर असला तरी तो घरातच राहतो.

राहिले दोन बारा-इंचीचे कॅबिनेट. एकटे ते पुरे पडत नव्हते, परंतु तसेच दुसरे तिला एका मोडलेल्या बँडकडून स्वस्तात मिळत होते आणि तपासून बघण्यासाठी तिने ते आणूनही ठेवले होते. हिशेब चोख होता. दोन्ही ८ ओमची, समांतर जोडली की ४ ओम. म्हणजे अ‍ॅम्प पुरी ताकद देणार आणि हवा ढकलणारे क्षेत्र दुप्पट होणार. दोन्ही मिळून आवाज जवळजवळ ६ डेसिबलने चढतो, आणि एकाच कॅबिनेटवर तेवढे चढायचे तर चौपट वॅट लागतात. मी एकावर एक रचून स्पीकॉनच्या, म्हणजे खास स्पीकरसाठीच्या, केबलने जोडली. गिटारची केबल स्पीकरला लावायची नाही, हे मी तिला त्याच वेळी दाखवून दिले.

तिने तार छेडली आणि आवाज एका कॅबिनेटपेक्षाही पातळ आला. तळ पार गेला होता. तिचा चेहरा उतरला. मला मात्र बरे वाटले, कारण असे होण्याचे कारण मला माहीत होते. मी भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला, केबलची दोन टोके मोकळी केली आणि वरच्या कॅबिनेटला क्षणभर सेल टेकवला. 'टक्' असा आवाज झाला आणि दोन्ही कोन बाहेर उसळले. खालच्या कॅबिनेटला टेकवला तर दोन्ही कोन आत ओढले गेले. आधी कोणीतरी दुरुस्ती करताना मागच्या सॉकेटच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. एक कॅबिनेट हवा पुढे ढकलत असताना दुसरे ती मागे खेचत होते, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकत होते. मागची पाटी उघडून दोन तारा अदलाबदल करायला पाच मिनिटे लागली.

"आता वाजव," मी म्हणालो.

तिने मंद्र 'बी' छेडली. तळघराच्या दारावरची कडी थरथरली. मग मी फिल्टर ३८ हर्ट्झला ठेवला, बासचे बटण मध्यावर आणले, मधल्या पट्ट्याचे थोडे वर नेले आणि तिन्ही जागी पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली. तिने ड्रमरकडे पाहून मान हलवली आणि तेच गाणे पाचव्यांदा सुरू झाले. ह्या वेळी ड्रमर वाजवता वाजवता तिच्याकडे वळून बघत होता. गाणे संपल्यावर तो म्हणाला, "तू इथे दोन ओळींमध्ये हे असे वाजवतेस? मला आजवर माहीतच नव्हते." दोघांनी मग तेवढाच तुकडा, गिटारांशिवाय, आठ-दहा वेळा वाजवून बसवला. मी घड्याळात सेल परत घातला, वेळ लावली आणि टेम्पोवाल्याला फ्रिज वर न्यायला बोलावले.