स्टीव्हनेजची वजाबाकी

किंग्ज क्रॉसवरून ट्रेन पकडली की अर्ध्या तासात स्टीव्हनेज. लंडन बघायला आलेलं कोणी इथे उतरत नाही, पण मला कधीपासून यायचंच होतं, कारण व्हिन्सेंट मोटरसायकली इथल्या, जुन्या ग्रेट नॉर्थ रोडवरच्या कारखान्यातल्या. १९५५ ला गाड्या बनणं थांबलं, जुनी इमारत आता शाळेकडे आहे. बाहेरूनच बराच वेळ बघत उभा राहिलो. इथूनच ब्लॅक लाइटनिंग निघायची यार, ९९८ सीसी व्ही-ट्विन (म्हणजे V आकारात दोन सिलिंडर), खास रेसिंगसाठी, वजन १७२ किलोच्या आसपास, आणि सगळ्या मिळून बनल्या जेमतेम तीसेक!

परतताना हाय स्ट्रीटवर एक व्हिन्सेंट रॅपिड उभी दिसली, शेजारी तिचे मालक आजोबा. न राहवून विचारलं, नंबर बघू का? त्यांना इतका आनंद झाला की स्वतः वाकून दाखवायला लागले. इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचावर, फ्रेमचा नंबर पुढे हँडल बसतं त्या हेडस्टॉकवर, आणि तोच मागच्या फ्रेमवर परत. आपल्याकडे आरटीओसाठी पेन्सिल घासून चासी नंबरचा ठसा घेतात ना, तसा कागद काढावासा वाटला. इंजिनवर १ म्हणजे रॅपिड, १बी म्हणजे ब्लॅक शॅडो, १सी म्हणजे लाइटनिंग. आणि ट्विन गाडीच्या फ्रेम नंबरातून इंजिन नंबर वजा केला की १९०० यायलाच हवेत, नाहीतर इंजिन एकीचं आणि फ्रेम दुसरीची. तिन्ही गाड्यांचं इंजिन मुळात एकच, त्यामुळे साध्या रॅपिडला लाइटनिंगचं रूप देणं जमतं, म्हणून हे आकडेच महत्त्वाचे. माझ्या मते गाडीला नुसतं चकाचक करण्यापेक्षा तिचे जुने कागद जपणं जास्त मोलाचं आहे.

ट्रेनमध्ये बसल्यावर ऑस्ट्रेलियन रेसर जॅक एहरेटची १९५१ ची लाइटनिंग आठवली. १९५३ मध्ये त्याने तिच्यावर ऑस्ट्रेलियाचा स्पीड रेकॉर्ड केला, ताशी १४१.५ मैल, गनेडाजवळच्या साध्या रस्त्यावर, आणि पुढे कित्येक दशकं ती त्याच्याकडेच राहिली. म्हणजे गाडी कोणाकडे होती, कुठे पळाली, सगळं माहितीतलं. २०१८ ला लास वेगासच्या लिलावात तिला ९,२९,००० डॉलर मिळाले. लिलावातले तिचे नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह होते, फ्रेम ९२०५, इंजिन ७३०५.

लगेच वजाबाकी केली. बरोब्बर १९००.