वुडचा नातू

पावसाळ्यात आमच्या घरात पाणीपातळीचे दोन आकडे चालतात. कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा आमचा आणि सांगलीच्या आयर्विन पुलाचा ताईचा. ताईला सांगलीत दिलंय, गावभागात. जुलै लागला की रोज संध्याकाळी तिला फोन होतो आणि पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "आयर्विनला किती?" ती आकडा सांगते, मग विचारते, "तुमचं?" मी सांगतो, इशाऱ्याला अजून दोन फूट आहे. मग जेवणाखाण्याचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कोल्हापूरचं तोंड बंद झालं. आमचा बंधारा ५५ फुटांच्या वर, आयर्विन ५७ च्या वर. ताई शेजाऱ्यांच्या माडीवर, मोबाईलला दहा टक्के चार्ज. "आता आकडा विचारू नको, ठेवते," म्हणाली. त्या रात्री आयर्विन या शब्दाचा मला राग आला. शब्दाचाच. त्यामागे कुणी माणूस होता हे माहीत होतं, पण साहेब कुणीतरी, एवढंच.

माझं राजारामपुरीत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका भरपूर, त्यामुळं गिऱ्हाईक म्हणजे एमपीएससीची पोरं. नोट्स टाइप करायच्या, पाठपोट काढायच्या, स्पायरल मारायचं. इतिहासाशी माझा संबंध एवढाच. पण 'वुडचा खलिता, १८५४, भारतीय शिक्षणाचा मॅग्ना कार्टा' हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय, की 'वुड' उमटलं की बोटं पुढचं आपोआप मारतात. 'गांधी-आयर्विन करार, ५ मार्च १९३१' हेही तसंच.

यंदा एका क्लासच्या सरांनी 'जोड्या लावा'चं पान दिलं. डावीकडं चार्ल्स वुड, लॉर्ड आयर्विन, लॉर्ड हॅलिफॅक्स आणि आणखी दोघं. मी १५० प्रती काढून, पंच करून गठ्ठा बांधला. संध्याकाळी चंदगडकडची एक मुलगी पान घेऊन काउंटरवर आली. "काका, आयर्विन आणि हॅलिफॅक्स एकच माणूस आहे. दोन ओळींत कसा?" मी म्हटलं, सरांनी दिलंय तसं मारलंय. ती जाता जाता म्हणाली, "आणि पहिला वुड आहे ना, तो त्याचा आजोबा."

सरांना फोन केला तर ते माझ्यावरच उखडले. प्रूफ तुम्ही बघायचं की मी! असो. शटर ओढलं आणि मोबाईल घेऊन बसलो ते साडेअकरापर्यंत.

हे वुड म्हणजे यॉर्कशरमधलं जमीनदार घराणं. आपल्याकडच्या इनामदारांसारखं म्हणता येईल, पण फरक मोठा. १७८४ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला, म्हणजे पिढीजात 'सर'. बार्न्स्लीचे वुड असं लावायचे, पुढं डॉन्कास्टरजवळचं हिकल्टन हे त्यांचं ठाणं झालं. किताब, वाडा, जमीन, सगळं थोरल्याकडं जायचं. धाकट्यांनी फौजेत जावं, चर्चमध्ये जावं, नशीब काढावं. आमच्या बावीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातली दोन वारलेल्यांची. थोरल्याला सगळं हा न्याय आमच्या आज्यानं लावला असता तर मी झेरॉक्सच्या दुकानात बसलो नसतो, आणि दोन चुलते आयुष्यभर कोर्टात बसले नसते. पण मग माझा बाप धाकटा होता, तेव्हा दुकानही नसतं मिळालं. जाऊ दे.

तर त्या घरात १८०० साली चार्ल्स वुड जन्मला. थोरला. पार्लमेंटात गेला, पंतप्रधान अर्ल ग्रे यांची मुलगी केली. (तोच ग्रे, ज्याच्या नावाचा चहा आता मॉलमध्ये मिळतो. आपण एकदा आणला होता, अत्तर घातल्यासारखा लागतो.) १८४६ ते १८५२ हा गडी ब्रिटनचा अर्थमंत्री होता. आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडून दुष्काळ चालला होता तो हाच काळ, सुमारे दहा लाख माणसं मेली. मदतीचा बोजा लंडनच्या तिजोरीवर नको, आयरिश जमीनदारांनी आणि तिथल्या करांनी उचलावा, ही त्याच्या खात्याची भूमिका. हे आमच्या एकाही नोट्समध्ये नाही. तिथं तो थेट १८५४ मध्ये उगवतो, हातात खलिता घेऊन.

त्या खलित्याचंही एक आहे. तो रीतसर पाठवला ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी, गव्हर्नर जनरल डलहौसीला. वुड त्या वेळी कंपनीवर नजर ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष, म्हणून नाव त्याचं लागलं. १९ जुलै १८५४, शंभर कलमं. प्रत्येक प्रांतात शिक्षणखातं, लंडनच्या धर्तीवर विद्यापीठं, खाजगी शाळांना अनुदान, शिक्षकांचं प्रशिक्षण, मुलींचं शिक्षण, खालचं शिक्षण देशी भाषांत. आजही शाळेच्या अनुदानावरून शिक्षक मोर्चे काढतात, त्या 'अनुदान' शब्दाचं मूळ शोधत गेलं तर रस्ता हिकल्टनला जातो. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झालं ते याच कागदामुळं.

पण पैसा वरच्या टोकाला गेला आणि गावच्या शाळेपर्यंत फार थोडा उतरला. सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण हे त्या शंभर कलमांत नव्हतंच. ते आमच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये जाहीर केलं आणि १९१८ मध्ये करवीरातल्या चिखलीत पहिली शाळा काढली. चिखली म्हणजे पुरात पहिल्यांदा पाण्यात जाणाऱ्या गावांपैकी. कोल्हापूरकर म्हणून मी हे मुद्दाम लिहितोय, कुणाला खटकलं तर खटकू दे.

पुढं १८५९ ते १८६६ हाच चार्ल्स वुड भारतमंत्री, म्हणजे लंडनमधून हिंदुस्थानचा कारभार बघणारा मंत्री, होता. १८६१ चा हायकोर्टांचा कायदा त्याच्या कारकिर्दीतला, त्यातून १८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट उभं राहिलं. त्या हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात यावं म्हणून इथल्या वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली ते आपण पाहिलंय. बंदच्या दिवशी मीही अर्धं शटर लावून बसायचो. १७ ऑगस्ट २०२५ ला त्याचं एकदाचं उद्घाटन झालं. त्या दिवशी अख्ख्या गावानं साखर वाटली, आणि कुणाच्या डोक्यात यॉर्कशर येण्याचं कारणही नव्हतं.

१८६६ मध्ये तो व्हायकाउंट हॅलिफॅक्स झाला. इथंच सगळा घोळ सुरू होतो. या लोकांची नावं माणसाबरोबर जन्मत नाहीत, मध्येच बदलतात.

त्याचा मुलगा दुसरा व्हायकाउंट, नाव पुन्हा चार्ल्सच. हा राजकारणात रमला नाही. प्रिन्स ऑफ वेल्सच्या खास माणसांतला होता, ते पद सोडलं आणि उभं आयुष्य एका ध्यासात घातलं. इंग्लंडचं चर्च आणि रोमचं चर्च यांच्यात समेट व्हावा! ऐंशी ओलांडल्यावर बेल्जियममध्ये कार्डिनलशी, म्हणजे रोमच्या चर्चच्या बड्या धर्मगुरूशी, बोलणी करायला जायचा. समेट झाला नाही. दुसरा नाद भुताच्या गोष्टींचा. ऐकलेली प्रत्येक गोष्ट वहीत उतरवायची आणि नाताळात पोरांना घाबरवायचं. हिकल्टनच्या चर्चच्या फाटकात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा, माणसाच्या तीन खऱ्या कवट्या ठेवलेल्या आहेत. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय, आज माझी पाळी, उद्या तुझी. फोटो मोठा करून बघितला. पंचगंगा घाटावर असं काही ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी नारळ फोडून गेलं असतं.

त्याची एक बहीण, एमिली. हिच्याबद्दल मला आणखी वाचायचंय. नवरा ह्यूगो १८७१ मध्ये गेला, मूल नाही. तिनं त्याच्या आठवणीत स्टॅफर्डशरमध्ये होअर क्रॉसला अख्खं चर्च बांधलं, आणि ते बांधकाम वर्षानुवर्षं मनासारखं करून घेत राहिली. लीड्सजवळचा टेंपल न्यूसम हा प्रचंड वाडा तिच्या सासरचा. १९०४ मध्ये ती वारली तेव्हा तो भाच्याच्या नावे करून गेली. त्या वाड्याच्या जुन्या मालकांचा किताब होता आयर्विन. हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. भाच्यानं तो वाडा १९२२ मध्ये लीड्सच्या महापालिकेला विकला. तीन वर्षांनी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय म्हणून नेमणूक झाली आणि त्याला किताब घ्यायचा होता, तेव्हा त्यानं हेच नाव घेतलं. सांगलीच्या पुलाचं नाव असं आत्याच्या सासरचं.

तो भाचा एडवर्ड वुड, जन्म १८८१. चार भावांतला शेवटचा. डावा हात जन्मतः सुकलेला, पंजाच नाही. म्हणजे धाकटा, वर अधू, त्या पद्धतीत त्याच्या वाट्याला काहीच यायचं नव्हतं. पण १८८६ ते १८९० या चार वर्षांत वरचे तिन्ही भाऊ आजारानं गेले. नऊ वर्षांच्या पोरावर किताब, वाडा, जमीन आणि बापाच्या सगळ्या आशा येऊन पडल्या. कवट्यांचं वेड असलेल्या त्या बापाकडं यानंतर मला वेगळ्या नजरेनं बघावं लागलं.

पोरगा सहा फूट पाच इंच वाढला. नकली हात लावून घोड्यावर बसायचा, कोल्ह्यांच्या शिकारीचा भारी षौक, आणि चर्च कधी चुकवायचा नाही. म्हणून पुढं हॅलिफॅक्सच्या नावावर कोटी करून त्याला 'होली फॉक्स' म्हणायचे. पुण्यवान कोल्हा! कोल्हापुरात हे टोपणनाव कुणाला दिलं तर तो सत्कार समजेल की भांडण काढेल, सांगता येत नाही.

एप्रिल १९२६ ते एप्रिल १९३१ तो व्हाइसरॉय. पुढचं पोरांना पाठच असतं. सायमन कमिशन, ३१ ऑक्टोबर १९२९ ची वसाहतीच्या स्वराज्याची घोषणा, मीठ, करार. त्याच १९२९ मध्ये सांगलीला कृष्णेवरच्या दगडी कमानींच्या पुलाचं उद्घाटन त्याच्या हस्ते झालं. डिसेंबरात दिल्लीजवळ त्याच्या रेल्वेखाली बॉम्ब फुटला, तो बचावला. गांधीजींशी बसून करार करणारा व्हाइसरॉय म्हणून त्याचं कौतुक होतं, लंडनमध्ये चर्चिलनं त्यावरून आदळआपट केली हेही खरं. पण भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची फाशी त्यानं थांबवली नाही. करारानंतर अठरा दिवसांत, २३ मार्चला, ती झाली. सभ्य माणूस होता, असं सगळीकडं लिहिलेलं सापडतं. राजगुरूंच्या खेडला जाऊन कुणी सांगून बघावं.

बाप १९३४ मध्ये ९४ वर्षांचा होऊन गेला आणि आयर्विनचा हॅलिफॅक्स झाला. सरांचा गोंधळ इथला. हॅलिफॅक्स म्हणून तो नोव्हेंबर १९३७ मध्ये हिटलरला भेटायला गेला. मोटारीतून उतरताना समोर काळी विजार आणि बूट दिसले, नोकर समजून अंगावरचा कोट त्याच्या हातात देणार तेवढ्यात शेजारचा कुजबुजला, फ्युरर! पुढं परराष्ट्रमंत्री झाला. मे १९४० मध्ये पंतप्रधानपद त्याच्या दाराशी आलं होतं, ते चर्चिलकडं गेलं, आणि वर्षभरात चर्चिलनं त्याला राजदूत करून वॉशिंग्टनला पाठवलं. तिथं असताना १९४२ च्या ऑक्टोबरात मधला मुलगा पीटर इजिप्तच्या आघाडीवर पडला. थोड्याच महिन्यांत धाकट्या रिचर्डचे दोन्ही पाय लिबियात गेले. तोच रिचर्ड नकली पायांवर पार्लमेंटात गेला, मंत्री झाला. नकली हाताच्या बापाचा नकली पायांचा मुलगा. ही ओळ मी दोनदा खोडली, पण दुसरी कशी लिहायची कळेना.

दुसऱ्या दिवशी पान दुरुस्त केलं. डावीकडून हॅलिफॅक्स काढला तर उजवीकडं एक उत्तर अनाथ राहिलं. सरांना विचारलं, तर म्हणाले, "व्हाइसरॉय लिनलिथगो घाला, १९३६." घातला. १५० प्रती पुन्हा काढल्या, कागद माझा, टोनर माझा. चंदगडच्या मुलीला पहिली प्रत फुकट दिली. तिनं उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाली, "आता बरोबर आहे." बास, एवढंच.

रात्री ताईला फोन केला. पाण्याचं बोलून झाल्यावर सांगितलं, तुमच्या आयर्विनला डावा हात नव्हता, आणि नाव त्याच्या आत्याच्या सासरचं. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग फीत कशी कापली असेल रे त्यानं?"

"कात्री एका हातानं चालते. फीत दुसऱ्यांनी धरायची."

"तेही खरं," ताई म्हणाली. "ठेवते, दूध उतू चाललंय. सकाळी आकडा मीच कळवते."