मसुदा सोबत जोडला आहे

नगरपरिषदेच्या सभा विभागात मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली एकोणीस वर्षं सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त माझ्या हातचं. ऑफिसात त्याला इतिवृत्त कुणी म्हणत नाही, प्रोसिडिंग म्हणतात. लाल कापडी पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर, पानांवर छापील क्रमांक, पहिल्या पानावर मुख्याधिकाऱ्यांचा दाखला की या पुस्तकात इतकी पानं आहेत. कपाटातून काढताना दोन्ही हात लावावे लागायचे.

मी निवृत्त झाले आणि परिषदेची मुदत संपून प्रशासक आले, ते साधारण एकाच सुमारास. पुढे जवळपास चार वर्षं ठराव होत राहिले, पण एका खोलीत, एका सहीने. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली, २१ तारखेला मोजणी झाली, आणि गावाला पुन्हा नगरसेवक मिळाले. मागच्या महिन्यात मी सभेला जाऊन बसले. या वेळी टेबलाशी नाही, भिंतीकडेच्या खुर्चीवर. सभागृहात पुन्हा माणसं उभी राहून बोलताहेत हे पाहून मला खरंच भरून आलं.

आमची ‘क’ वर्ग नगरपरिषद, म्हणजे लोकसंख्या ४० हजारांच्या आत. नोटीस बोर्डावर अजेंडा लागला होता, एकवीस विषयांचा. मी मोबाईलवर फोटो काढून घरी चष्मा लावून वाचला. विषय क्र. ४, अग्निशमन सेवेबाबत शेजारील नगरपरिषदेशी करारनामा करणे. विषय क्र. ५, चौकांतील सीसीटीव्हीच्या देखभालीबाबत. विषय क्र. ९, व्यापारी संकुलातील गाळेधारकांच्या दाव्यांत लोकअदालतीत तडजोड करणे. विषय क्र. ११, नदीतून पाणी उचलण्याच्या करारनाम्याचे नूतनीकरण. आणि प्रत्येकाखाली तेच वाक्य, ‘करारनाम्याचा मसुदा सोबत जोडला आहे.’

सोबत काही जोडलेलं नव्हतं. नगरसेवकांच्या घरी गेलेल्या प्रतींनाही नव्हतं, मी दोघांकडे चौकशी केली. हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा टाईप केलंय. चौदा पानांचा मसुदा, एकवीस सदस्य, झेरॉक्सचं बिल निघतं, शिपायाला घरोघर पोचवायचं असतं, म्हणून मसुदा ऑफिसात राहतो आणि वाक्य तेवढं जातं.

त्याचा हिशेब काय होतो, हे मी एकदा पाहिलंय. ते सांगते.

आमच्या गावाकडे स्वतःचा बंब कधीच नव्हता. २०१५ साली बावीस किलोमीटरवरच्या नगरपरिषदेशी करार झाला. वर्षाला ठरावीक रक्कम, शिवाय प्रत्येक फेरीचं डिझेल. त्या सभेत आधीचा विषय एका चौकाला नाव देण्याचा होता. त्यावर चाळीस मिनिटं गेली, आवाज चढले, एकजण उठून बाहेर गेले. मग बंबाचा विषय आला. वाचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मंजूर. मी लिहिलं, ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ चर्चा झालेली नव्हती. तो वाक्यप्रयोग माझ्या आधीच्या लिपिकांनी वापरला होता, मी पुढे चालवला.

पुढच्या एप्रिलमध्ये पेठेत गादी कारखान्याला आग लागली. दुपारचे अडीच. कापूस आतल्या आत धुमसत राहतो, वरून विझला वाटला तरी पोटात लाल असतो. माणसांनी बादल्या मारल्या, एकाने टँकर आणला, पण पाणी फेकायला पंप नव्हता. बंबाला फोन गेला तेव्हा तो दुसऱ्या वर्दीवर, म्हणजे दुसऱ्या आगीच्या बोलावण्यावर होता, एका शेतातल्या उसाला आग लागली होती तिकडे. पंचावन्न मिनिटांनी आला. जीव कुणाचा गेला नाही. कारखाना गेला, आणि शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाईंचं घर गेलं. दोन मशिनं, लोकांचे शिवायला आलेले कपडे, सगळं.

चार दिवसांनी त्या बाई पंचनाम्याची नक्कल मागायला आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘ताई, बंब आपल्या गावचाच ना? मग इतका उशीर कसा?’’ त्यांना वाटत होतं गावाने पैसे भरलेत म्हणजे बंब गावचा. मी कपाटातून करारनामा काढला आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. कलम ६, ‘वर्दी मिळाल्यानंतर वाहन उपलब्धतेनुसार पाठविण्यात येईल.’ बास, एवढंच. किती वेळात, वाहन बाहेर असेल तर दुसरं कुठून, काही नाही. बाईंना मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. त्यांचा पदर एका कडेने करपलेला होता, तो आठवतो.

१९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आग विझवणं हे परिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा आहे. पोलीस राज्याचे, न्यायालय आपल्या हातातलं नाही, पण आग आपलीच. सेवा दुसऱ्याकडून घेता येते, त्यात गैर काही नाही, लहान गावाला बंब, चालक, फायरमनचा चोवीस तासांचा पगार झेपत नाही. पण जबाबदारी कराराबरोबर शेजारच्या गावाला जात नाही. म्हणून त्या करारातला एकेक शब्द बघावा लागतो.

तर या वेळी सभेच्या चार दिवस आधी मी ऑफिसात गेले आणि मसुदे पाहायला मागितले. आता माझ्या जागी जो मुलगा आहे त्याने खुर्ची दिली, फाईल समोर ठेवली. कलम ६ तेच होतं. अक्षर न् अक्षर तेच. जुन्या फाईलवरून उतरवलेलं, फक्त रक्कम वाढलेली. लाईट बिलाच्या पाठीवर मी कलमं उतरवून घेतली आणि संध्याकाळी आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेकडे गेले. पहिल्यांदाच निवडून आलेली मुलगी, पस्तिशीची असेल. सासूबाईंनी चहा ठेवला. तिने बिलाचा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘काकू, हे मला सभेत विचारता येतं?’’

म्हटलं, ‘‘विचारा की. तुमचा हक्कच आहे तो.’’

पाण्याच्या करारात मला जास्त धसका बसला. परिषद नदीतून पाणी उचलते, जॅकवेलवरून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवरून, फिल्टर हाऊसला आणते. उचललेल्या पाण्यावर आकारणी, मंजूर कोट्याच्या वर गेलं की दर चढा. हे योग्यच आहे, नदी सगळ्यांची आहे. पण मसुद्यात एक ओळ होती, मीटर बंद असल्यास पंपाच्या क्षमतेप्रमाणे पूर्णवेळ उपसा धरून आकारणी करण्यात येईल. आमच्या जॅकवेलवरचा मीटर गेल्या पावसाळ्याच्या पुरात बुडाला तो अजून बंद आहे, हे पंपावरच्या माणसाला विचारलं की कळतं. त्याच्या लॉगबुकात पंप रोज अकरा तास चाललाय. सही केली असती तर गावाने अकरा तासांचं पाणी पिऊन चोवीस तासांचं बिल भरलं असतं. ते शेवटी पाणीपट्टीतच येतं. दोष करार करणाऱ्या समोरच्यांचा नाही, मीटर दुरुस्त करून घेणं आमचं काम होतं.

सीसीटीव्हीचं थोडक्यात. कॅमेरे परिषदेने लावायचे, चित्र पोलीस ठाण्यात दिसायचं, आणि बिघडला की दुरुस्ती कुणाची यावर दोन्हीकडे शांतता. ते सभेत दहा मिनिटांत निपटलं, देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात दाखवायचं ठरलं. चांगलं झालं.

गाळ्यांचा विषय मात्र नाजूक होता. चौदा गाळे, भाडं कित्येक वर्षं तेच, वाढ केली तेव्हा गाळेधारक न्यायालयात गेले. तारखांवर तारखा, वकिलांची फी, भाडं थकलेलं. तडजोड व्हावी असं मलाही वाटतं. लोकअदालतीत कोर्ट फी परत मिळते, कटुता राहत नाही. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ आहे आणि त्यावर अपील नाही. तडजोड पुरशिसवर, म्हणजे तडजोड झाल्याच्या लेखी निवेदनावर, सही झाली की नंतर कुणी म्हणेल भाडं कमी लागलं, तर दार बंद. म्हणून दर चौरस फुटाला काय भाडं आणि दर तीन वर्षांनी किती वाढ, हे सभेपुढे आकड्यात यायला हवं. मसुद्यात होतं, ‘उभयपक्षी ठरेल त्या दराने’. म्हणजे आधी परवानगी घ्यायची, दर नंतर ठरवायचा.

सभेच्या दिवशी विषय क्र. ४ पुकारला गेला. सूचक झाले, अनुमोदक झाले, अध्यक्ष ‘मंजूर’ म्हणणार तोच आमची नगरसेविका उभी राहिली. कागद हातात थरथरत होता, मागून मला दिसत होतं. ‘‘मा. अध्यक्ष, मंजुरीच्या आधी कलम सहा वाचून दाखवावं.’’

मसुदा सभागृहात नव्हता. शिपाई खाली गेला. तीन-चार मिनिटं सगळे गप्प. मग मुख्याधिकाऱ्यांनी कलम वाचलं. एक ज्येष्ठ नगरसेवक म्हणाले, ‘‘अहो वहिनी, वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. बंब येतोच की.’’

ती म्हणाली, ‘‘गादी कारखाना जळाला तेव्हा मी माहेरी होते, समोरच्या घरात. गच्चीवरून बघत होते. पंचावन्न मिनिटं, दादा.’’

हे मलाही ठाऊक नव्हतं. चहा पिताना ती बोलली नव्हती.

मग तिने विचारलं, वर्दी आल्यापासून किती मिनिटांत वाहन निघेल हे लिहायचं का नाही? ते बाहेर असेल तर साखर कारखान्याचा बंब बोलवायची लेखी व्यवस्था आहे का? बंब रिकामा झाला की आमच्या टाकीवर भरून घ्यायला जोडणी कुठे आहे? शेवटच्या प्रश्नावर पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी मान्य केलं की जोडणी नाही, पण दोन दिवसांत होईल. त्या ज्येष्ठ नगरसेवकांनीच मग सूचना मांडली की कारखान्याला पत्र आजच जावं, आणि अध्यक्षांनी ती घेतली. पाण्याचा करार मीटर दुरुस्त होईपर्यंत थांबवला. गाळ्यांचा विषय दरपत्रकासह पुढच्या सभेत.

सभा संपल्यावर तो लिपिक मुलगा रजिस्टर घेऊन माझ्याकडे आला. ‘‘मॅडम, विषय चारला काय लिहू? सविस्तर चर्चेअंती म्हणू?’’

‘‘चर्चा झाली ना आज. कुणी काय विचारलं, कुणी काय उत्तर दिलं, ते नावासकट लिही.’’

‘‘दोन पानं होतील.’’

‘‘होऊ देत.’’

त्याने भिंतीला टेकून उभ्यानेच पेन काढलं. मी चष्मा काढून देऊ का विचारलं तर हसला, म्हणाला माझे डोळे चांगले आहेत. टाकीवरची जोडणी परवा बसली, मी जाऊन पाहून आले. अडीच इंची तोंड, वर लाल रंग, अजून ओला होता.