तुम्ही विचारलंत म्हणून: वाळूच्या कणाला गाव विचारताना

मी भूगर्भशास्त्रातला आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच, "एवढ्याशा कणावरून तो कुठल्या डोंगराचा हे कसं सांगता हो? अंदाजपंचेच ना?"

अंदाजपंचे नाही. पण साक्षीदार कोण पकडला, यावर बरंच अवलंबून असतं.

सगळ्यात चिवट साक्षीदार झिरकॉन नावाचं खनिज. रव्याच्या कणाहून बारीक, पण नदीनं शेकडो कोस घासत नेलं तरी टिकतो. स्फटिक होताना तो युरेनियमला घरात घेतो, शिशाला मात्र दारातच अडवतो. त्यामुळे आज आत जे शिसं सापडतं, ते बहुतेक त्या युरेनियमचंच झालेलं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. दोघांचं प्रमाण मोजलं की कणाचं वय निघतं. मग त्या वयाचे खडक कुठे आहेत ते धुंडाळायचं.

अमेरिकेत युटाचा नवाहो वालुकाश्म म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या. त्यातले पुष्कळ झिरकॉन १०० ते १२० कोटी वर्षांचे निघाले. त्या वयाचे खडक आहेत पार पूर्वेला, ॲपलाचियन पर्वतात! म्हणजे आधी नद्यांनी आणि मग वाऱ्यानं ही वाळू जवळजवळ अख्खा खंड ओलांडून आणली. वाटेत ती एखाद्या जुन्या वालुकाश्मात मुक्कामाला होती का, हे मात्र वय सांगत नाही. ते फक्त जन्मतारीख सांगतं.

माझी खरी कुरकुर वेगळीच आहे. झिरकॉन हा ग्रॅनाइटच्या घरचा. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, तो जवळपास नसतोच. उद्या आपला बेसाल्टचा सह्याद्री झिजून गेला, त्याच्या वाळूचा दगड झाला आणि कुणी त्यातले नुसते झिरकॉन वेचले, तर सह्याद्री कधी नव्हताच असा निकाल लागायचा.

सह्याद्रीची साक्ष काळे कण देतात. रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून वाळूत फिरवा, पिशवीला काळी मिशी फुटते. ते मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज, बेसाल्टमधून सुटलेलं. खाली मालवणकडे वाळू पांढुरकी होते, गारगोटीची. तिकडे बेसाल्टच्या खालचे जुने खडक उघडे पडलेत.

पिशवी विसरू नका. माझ्या एका चुंबकाला मांडवीची वाळू तीन वर्षं चिकटून आहे, घासून घासून थकलो.