नाव घ्यायचे राहून गेले

कित्येक वर्षे मला एक विचित्र सवय होती. रात्री प्रार्थनेला बसले आणि मध्येच मन भरकटले, उद्याच्या कामांची उजळणी डोक्यात सुरू झाली किंवा दिवसा कोणाशी झालेली बोलाचाली आठवली, की तोवरची प्रार्थना मी बाद समजत असे आणि ‘हे स्वर्गीय पित्या’पासून पुन्हा आरंभ करीत असे. एका मैत्रिणीच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मी असा पाच वेळा आरंभ केला. पाचव्या खेपेला बसल्या जागी डोळा लागला, आणि पहाटे मान अवघडून जाग आली तेव्हा ध्यानात आले की स्तुती झाली, पापांची कबुली झाली, उपकारस्मरणही झाले. पण जिच्यासाठी बसले होते तिचे नाव घ्यायचे राहूनच गेले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पुढे तिने मनापासून माझ्या प्रार्थनेचे आभार मानले, तेव्हा खरे काय ते सांगण्याचा धीर मला झाला नाही.

त्या शरमेतून मी बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय पुन्हा वाचला. हेरोद राजाने येशूचा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकले आहे, चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्यावर आहेत, दोन साखळ्यांनी जखडलेला पेत्र दोन शिपायांच्या मध्ये झोपला आहे, आणि इकडे मार्कची आई मरिया हिच्या घरी पुष्कळ माणसे जमून प्रार्थना करीत आहेत. देवदूत पेत्राला बाहेर काढतो. पेत्र थेट त्या घरी येऊन दार ठोठावतो. दासी त्याचा आवाज ओळखते, आणि आनंदाच्या भरात दार उघडायचे सोडून आत धावत जाऊन सांगते की पेत्र दाराशी उभा आहे. यावर प्रार्थना करणारी मंडळी काय म्हणतात? ‘तुला वेड लागले आहे.’ ती आपले म्हणणे सोडत नाही, तेव्हा हा त्याचा देवदूत असेल असा तर्क ते काढतात. पण उठून कडी काढण्याचे कोणाला सुचत नाही. आणि तुरुंगाचे लोखंडी दार ज्याच्यासाठी आपोआप उघडले, तो पेत्र आपल्याच माणसांच्या दाराबाहेर ठोठावत उभा राहतो.

हा प्रसंग वाचताना मला दर वेळी हसू येते, आणि तो लिहून ठेवणाऱ्यालाही आले असावे अशी मला दाट शंका आहे. या मंडळींची प्रार्थना कळकळीची होती, यात वाद नाही. मात्र तिचे उत्तर मिळेल यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता, हे त्यांच्याच तोंडून बाहेर पडते. तरीही पेत्र सुटला, आणि सुटला तो त्यांचा विश्वास पुरेसा होण्याची वाट न पाहता.

याच अध्यायाच्या आरंभी मात्र एक वाक्य आहे, जे वगळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पेत्राला धरण्यापूर्वी हेरोदाने येशूचाच दुसरा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले होते. याकोबासाठी कोणी प्रार्थना केल्याचा उल्लेख तेथे नाही, पण कोणीच केली नसेल असे माझे मन मानत नाही. एकाची सुटका आणि दुसऱ्याचा मृत्यू का, याचे कारण तो अध्याय देत नाही आणि माझ्याकडेही नाही. एवढे मात्र दिसते की पेत्रासाठीची प्रार्थना अधिक चांगली होती म्हणून तो वाचला, असे म्हणायला जागाच उरत नाही. ती प्रार्थना किती डळमळीत होती ते आपण नुकतेच पाहिले. प्रेषित पौलानेही आपल्या ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली, त्याला उत्तर मिळाले आणि काटा राहिला. ऐकणे आणि मागितलेले देणे या दोन गोष्टी मी फार वर्षे एकच धरीत आले होते, त्यामुळे मागणे फळाला आले नाही की दोष आपल्या शब्दांत शोधायचा, असा माझा खाक्या होता.

शब्दांविषयी तर पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (८:२६) स्पष्टच सांगितले आहे: यथायोग्य प्रार्थना कशासाठी करावी हे आपल्याला ठाऊक नसते, आणि पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. हे वचन मला लहानपणापासून तोंडपाठ होते, पण त्यात पौलाने ‘आपण’ म्हणून स्वतःलाही गणले आहे, हे मात्र नजरेतून सुटले होते. पत्रांतून इतक्या सुरेख प्रार्थना लिहिणारा माणूस जर स्वतःला न जमणाऱ्यांत मोजतो, तर प्रत्येक वेळी नव्याने आरंभ करून मी कोणाचे समाधान करू पाहत होते? देवाचे नक्कीच नाही. बायबलमध्ये मुलासाठी मंदिरात प्रार्थना करणाऱ्या हन्नेचे नुसते ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते, तेव्हा एली याजकाला ती प्यालेली वाटली. प्रार्थनेची पारख करण्यात याजकाचीही चूक होते, तिथे माझी काय कथा.

मन अजून भरकटते. परवाच अर्ध्या वाक्यात वीजबिल भरायचे राहिल्याची आठवण झाली, म्हणून तेही देवाला सांगितले आणि वाक्य पुढे नेले. एक बदल मात्र मी मुद्दाम केला आहे: ज्याच्यासाठी बसते त्याचे नाव आता सर्वांत आधी घेते, आणि बोलता बोलता झोप लागलीच, तर सकाळी पहिल्यापासून सुरुवात करीत नाही. जिथे थांबले असेन, तिथून पुढे बोलते.