डुलकीसकट पाहिलेले सिनेमे

वानरानं हाड वर फेकलं. इथवर मी जागा होतो, हे शपथेवर सांगतो. हाड गरगरत आभाळात गेलं, खाली यायला लागलं, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर यान तरंगत होतं. मी दचकलो. मधलं किती गेलं कोण जाणे! शेजारी बायको टक्क जागी होती, पण तिला विचारणं म्हणजे आयती कबुली देणं. म्हणून गुपचूप रिमोट घेतला आणि दोन मिनिटं मागे गेलो. हाड वर, हाड खाली, यान. परत मागे. हाड, यान. मग उजेड पडला की मी झोपलोच नव्हतो. मधली लाखो वर्षं ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’च्या दिग्दर्शकानं, स्टॅन्ली कुब्रिकनंच गाळली होती.

एवढा एकच आरोप खोटा निघाला. एरवी तो खरा असतो. गेले दोन-तीन महिने मी जुने-नवे सिनेमे हाताला येतील तसे पाहतोय आणि सकाळी आमच्याकडे एकच प्रश्न असतो : ‘कुठपर्यंत पाहिलास?’ कसा होता, असं कुणी विचारत नाही. माझं सिनेमाचं ज्ञान यथातथाच. कॅमेरा कुठे ठेवला होता हे मला कुणी सांगितल्याशिवाय दिसत नाही. माझ्याकडे समीक्षक म्हणून आहे ती फक्त झोप. ती कुणाला भीत नाही. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा १९६८ सालचा केवढा मोठा सिनेमा, पण त्यात पहिलं वाक्य बोललं जाईपर्यंतच जवळपास पंचवीस मिनिटं जातात. मला तो संपवायला तीन रात्री लागल्या. एक मात्र सांगायला हवं, तिसऱ्या रात्री हाल नावाच्या त्या कॉम्प्युटरला बंद करायला घेतात आणि तो ‘मला भीती वाटतेय’ म्हणतो, तेव्हा घशात काहीतरी अडकलं. अख्ख्या सिनेमात माणसासारखं बोलणारं तेवढं एकच पात्र.

त्यानंतर दिग्दर्शक कुरोसावाचा ‘सेव्हन समुराई’ लावला तो उशी जवळ घेऊनच. कृष्णधवल, जपानी, १९५४ सालचा आणि २०७ मिनिटांचा. पहिला तासभर दरोडेखोरांपासून गाव राखायला नुसती लढवय्यी माणसंच गोळा होतात. आणि मी एकदाही जांभई दिली नाही! का, याचा मी बराच विचार केला. माझं उत्तर असं की त्या सिनेमात हिशेब आहे. दरोडेखोर चाळीस. समुराईंचा म्होरक्या कांबेई एका कागदावर तितकी वर्तुळं काढतो आणि एक मेला की एकावर काट मारतो. त्यामुळे किती गेले आणि किती उरले हे आपल्याला कायम ठाऊक असतं. जमाखर्च चालू असला की माझा डोळा लागत नाही. हल्लीच्या अनेक मारधाडपटांत शत्रू मोजता येत नाहीत. ते वारुळातून आल्यासारखे येतच राहतात, आणि अशा वेळी मी हमखास जातो. स्फोटांच्या आवाजात फार गाढ झोप लागते.

शिवाय हा कांबेई विचारात पडला की आपल्या तासलेल्या डोक्यावरून हात फिरवतो. डोकं त्यानं एका मुलाला सोडवण्यासाठी तासलेलं असतं आणि नंतर सिनेमाभर हात तिथे जात राहतो. आता मीही वीजबिल बघताना तसंच करतो. माझे केस निराळ्या कारणानं गेलेत, एवढाच फरक.

हिशेबाची ही उपपत्ती ‘१२ अँग्री मेन’ला (१९५७) तर तंतोतंत बसली. एक खोली, आणि खुनाचा आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसलेली ज्यूरीतली बारा माणसं. अकरा विरुद्ध एक, दहा विरुद्ध दोन, पुढे धावफलक हलत जातो. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट म्हणे हळूहळू लांब पल्ल्याची भिंगं लावत गेला आणि कॅमेरा खाली आणत गेला, त्यामुळे खोली आक्रसल्यासारखी वाटते. मला भिंगं दिसली नाहीत, पण शेवटी शेवटी मी उठून खिडकी उघडली होती. बासू चटर्जींनी १९८६मध्ये त्यावरून ‘एक रुका हुआ फैसला’ केला. तोपर्यंत आपल्याकडे खुनाच्या खटल्याला ज्यूरी उरली नव्हती, पण पंकज कपूर टेबलापलीकडून असा काही पेटतो की हा कायद्याचा मुद्दा काढायची हिंमत होत नाही.

नव्यांपैकी ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’नं (२०१५) मला ताठ बसवलं. गोष्ट काय, तर गाड्या एका दिशेनं पळतात आणि मग तशाच परत येतात. पण इतक्या धुमश्चक्रीत कोण कुठे आहे हे मला एकदाही विचारावं लागलं नाही. नंतर वाचलं की दिग्दर्शक जॉर्ज मिलरनं पाहण्याजोगी गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मधोमध ठेवली होती, म्हणजे डोळ्यांना शोधाशोध नको. प्रेक्षकाच्या डोळ्यांची काळजी करणारा माणूस दिसला की मला त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटतो. ‘पॅरासाइट’ या कोरियन सिनेमाबद्दल सगळ्यांचं सगळं बोलून झालंय, मी फक्त पावसातल्या त्या पायऱ्यांबद्दल बोलेन. त्यातलं गरीब कुटुंब श्रीमंतांच्या घरातून पळत सुटतं आणि उतरतच राहतं, उतरतच राहतं, पाण्याबरोबर. इतक्या खाली राहत होती ही माणसं, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एव्हाना माझी खात्री पटली होती की जागं ठेवतो तो चांगला. मग जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) आला आणि सगळं बिघडलं.

म्हातारे आईवडील मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुलांना वेळ नसतो. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसासारखा खाली बसून असतो आणि जवळजवळ हलतच नाही. मुलं दोघांना समुद्राकाठच्या अतामी गावी एका स्वस्त हॉटेलात धाडून देतात. तिथे रात्रभर लोकांचा जुगार आणि गाणीबजावणी चालते, म्हातारा-म्हातारी अंथरुणात टक्क जागी. ती दोघं तिथे तळमळत होती आणि इकडे मला छान झोप लागली. उठलो तेव्हा घरी निघायची तयारी चालली होती. शेवट पाहिला, म्हातारी गेली, मुलगी शिगे जेवता जेवता आईची कुठली वस्त्रं आठवण म्हणून आपल्याला हवीत ते सांगून टाकते. काय बाई आहे, असं म्हणून मी दिवा मालवला.

पहाटे तीनला जाग आली. शिगे डोक्यात बसली होती. ही तीच, जी आईवडिलांसाठी भारी केक आणणाऱ्या नवऱ्याला म्हणते, कशाला इतका खर्च, आणि स्वतः एक तोंडात टाकते. आणि मला आठवलं की अगदी त्याच प्रसंगी माझ्या आईचा फोन आला होता. मी सिनेमा थांबवलासुद्धा नव्हता, फक्त आवाज बंद केला होता. ‘कामात आहे गं, नंतर करतो’ म्हणालो होतो. नंतर केला नव्हता. पहाटे तीनला करता येत नाही, केला तर ती घाबरेल. साडेपाचपर्यंत छताकडे बघत पडून राहिलो.

अब्बास किआरोस्तामी या इराणी दिग्दर्शकाला म्हणे असेच सिनेमे आवडत, थिएटरात डुलकी काढायला लावणारे आणि रात्री जागवणारे. हे मी बायकोला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, ‘तुला वकील मिळाला.’

याच नादात ‘इकिरू’ (१९५२) पाहिला. तोच तो ताकाशी शिमुरा, जो दोनच वर्षांनी कांबेई होऊन तलवार चालवणार, तो इथे कागदांच्या ढिगाऱ्याआड वाकून बसलेला, पोटाचा कॅन्सर झालेला कारकुनी साहेब. सिनेमा जवळपास पाऊण तास शिल्लक असताना तो मरतो! उरलेला सगळा वेळ त्याच्या फोटोसमोर बसून सहकारी पितात आणि त्यानं धडपडून केलेल्या बागेचं श्रेय कुणाचं यावर वाद घालतात. शेवटी सगळे रडत आणाभाका घेतात की आपणही तसंच काम करायचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाइल पुन्हा पुढच्या टेबलावर. मला यातला एकही माणूस परका वाटला नाही. त्यावरून बेतलेला ‘लिव्हिंग’ (२०२२) नेटका आहे, बिल नाय फार हळुवार काम करतो, पण तिथे ही आणाभाकांची भानगड आगगाडीच्या डब्यात चटकन उरकली आहे. इस्त्री फार केल्यासारखी वाटली. दारू पिऊन होणारं भांडण लांबलेलंच बरं.

परवा चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) लावला. या वेळी बायकोही शेवटपर्यंत बसणार होती. लोकशाहिरावरचा खटला तारखेमागून तारखेनं सरकत होता, वकील कलमं वाचत होते, कॅमेरा लांबून बघत होता. शेवटी सुट्टी लागते, लोक बाहेर पडतात, एकेक दिवा जातो, पडदा काळा होतो आणि बराच वेळ काळाच राहतो. पण सिनेमा संपलेला नसतो. मग उजाडतं, न्यायाधीश कुटुंबासह सहलीला गेलेले. बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो. पोरं एकदम ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. आणि तिथे संपतो. मी त्या वेळी इतका जागा होतो की अंगावर काटा आला. शेजारी बघितलं तर बायको उशीला टेकलेली, श्वास एका लयीत.

सकाळी मी पहिल्यांदाच विचारलं, ‘कुठपर्यंत पाहिलास?’

‘सगळा,’ ती म्हणाली. ‘दिवे बंद होतात तो शेवट काय सुंदर केलाय!’