भट्टी तापलेली, सेल संपलेला

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमच्या हीट ट्रीटमेंट शॉपमधे भट्टीच्या फॅनच्या बेअरिंगवर वायरलेस सेन्सर बसवलाय, काडेपेटीएवढा, आणि त्याचा सेल काही टिकत नाही कारण तिथे कायम गरम. मागच्या पावसाळ्यात सेल गेला, रात्रपाळीत कुणाच्या लक्षातच आलं नाही, बेअरिंग जाम झालं आणि अख्खा लॉट स्क्रॅप. तेव्हा आमचे फिटर मामा म्हणाले, "एवढी भट्टी पेटलीये आणि तू सेल विकत आणतो व्हय रे?" ते डोक्यातून जाईचना.

मग एमजी रोडवरून पेल्टियरचं मॉड्यूल आणलं, छोट्या कूलरमधे असतं तेच, चार सेंटीमीटरची चौकोनी चकती, आत दोन प्रकारच्या अर्धवाहक तुकड्यांच्या १२७ जोड्या. एक बाजू भट्टीच्या पत्र्याला चिकटवली, दुसरीवर उष्णता हवेत सोडणारं ॲल्युमिनियमचं हीट सिंक. दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक पडला की व्होल्टेज येतं, हा जर्मन शास्त्रज्ञ सीबेकचा शोध १८२१ चा. पत्रा ८५ डिग्री, जानेवारीत सकाळी साडेसहाला मीटरवर ०.८ व्होल्ट आले, दुपारी ०.६५. भट्टी तेवढीच गरम होती हो, बदलली ती बाहेरची हवा! नुसती उष्णता कामाची नाही, फरक लागतो, आणि नाशिकची थंडी इथे फुकट मदत करते. वॅट बघाल तर काही मिलिवॅटच, पण सेन्सर दर दहा मिनिटांनी क्षणभर जागा होतो, त्याला एवढं रग्गड.

खरी अडचण चकतीतच आहे. ती बनते बिस्मथ टेल्युराइडची, आणि त्यातलं टेल्युरियम महाग. सिलिकॉन स्वस्त, पण त्यातून उष्णता इतकी झरझर पळते की दोन बाजूंत फरकच राहत नाही. म्हणून मला नॅनोवायरचं, म्हणजे अतिसूक्ष्म तारांचं, इतकं वेड लागलंय. २००८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी सिलिकॉनच्या साधारण ५० नॅनोमीटर जाडीच्या, मुद्दाम खडबडीत केलेल्या तारा मोजल्या, उष्णता वाहणं जवळपास शंभर पटीने घटलं आणि वीज मात्र बऱ्यापैकी वाहत राहिली. कारण उष्णता सिलिकॉनमधे कंपनांच्या रूपात लांब लांब धावते, ती तारेच्या खडबडीत कडांवर आपटून अडते, इलेक्ट्रॉनच्या उड्या मुळातच छोट्या, त्यांना कडेचा तेवढा त्रास नाही. मला तर हे वाचून रात्री झोप लागली नव्हती, कारण सिलिकॉन म्हणजे सेन्सरच्या चिपचंच मटेरियल, उद्या दोन्ही एकाच तुकड्यावर बसू शकतात. अवघड आहे, करोडो तारांना वरून नीट जोड द्यायचा आणि तो जोड गरम-गार होताना सुटला नाही पाहिजे, पण होण्यासारखं आहे.

तोवर आमची चकती चालूये, व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट लावलंय, वीज साठवायला एक कपॅसिटर, सेल काढून टाकला. आता एप्रिल येतोय. हीट सिंकच्या फिन उभ्या केल्यात म्हणजे गरम हवा आपोआप वर जाईल, मामा रोज दुपारी तीनला मीटर बघून भिंतीवर खडूने आकडा लिहितात, कालचा ०.५८.